उसं आणि पायथा

मिसेस हॅल्क्रोंनी ओस्लाला मांडीवर घेतलं,
चष्मा कपाळावर सारला
आणि विहिरीत वाकून बघावं तसं
वरून तिच्या टाळूकडे बघितलं.
"मागून उजवीकडे चपटं आहे. थोडंसंच.
मान छान वळतेय, काळजी नको.
हाड अजून ओलं आहे."

ओलं हाड.
मी बोटी बांधतो, ओलं लाकूड मला कळतं.
लार्चची फळी तासभर वाफेच्या पेटीत,
मग दोघांनी धरून धावत न्यायची,
सांगाड्याला भिडवून शिकंजे आवळायचे
आणि ती निवेपर्यंत तिच्यापाशी थांबायचं.
म्हणून विचारलंच,
"एखादा पट्टा? मधे खळगा असलेली उशी?
दुकानात पाहिली परवा."
"उशी नाही. पाळण्यात काहीच नाही.
झोपवायचं पाठीवरच, दर खेपेला.
तिला फक्त दुसऱ्या बाजूला
बघण्यासारखं काहीतरी द्या."

घरी आलो, पाळण्याशेजारी जमिनीवर आडवा झालो
आणि खोली तिच्यासारखी पाहिली.
डावीकडे भिंत. फिकट पिवळी, नुसती भिंत.
उजवीकडे उत्तरेची खिडकी,
जी जूनमध्ये मध्यरात्रीसुद्धा मालवत नाही.
आमच्या शेटलंडात या दिवसांत सूर्य
समुद्राच्या काठावर जरा बूड टेकतो, लगेच उठतो.
कोण बघेल भिंतीकडे?

पाळणा जड होता, भिंतीत पक्का ठोकलेला,
माझंच काम, हलणार नाही असं.
मग पाळणा राहू दिला, मुलगी फिरवली.
उसं होतं तिथे पायथा,
पायथा होता तिथे उसं.
खिडकी आता डावीकडे.
पहिल्याच रात्री ब्रेना झोपेतून उठून
अंदाजाने गाल चाचपायला गेली
आणि किंचाळली. हाताला
दोन गरम तळवे लागले होते.

दिवसा, जागी असताना, पोटावर.
कारखान्यात घोंगडी अंथरतो,
तिच्यासमोर मीही पालथा, हनुवटी फळीवर.
ती रडते. भुश्श्यात शिंकते. नाक घासते.
आणि मग एकदम, खाडीतून सील डोकं काढतो तशी
डोकं वर, डोळे काळेभोर,
तीन श्वास, चार,
पुन्हा बुडाली.
कठड्यावर सुताराच्या पेन्सिलीने
मी श्वासांच्या रेघा मारतो.

मध्यंतरी लर्विकला केस कापायला गेलो.
न्हावी म्हणाला, "तुझं मागून डावीकडे बसकं आहे की.
कुणी सांगितलं नाही?"
एक्केचाळीस वर्षं.
टोपी नेहमी एका कानावर का उतरते,
मला वाटायचं विणणाऱ्यांची चूक.
त्या रात्री आईला फोन केला.
ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली,
"तू चुलीकडे बघत झोपायचास. विस्तव आवडायचा तुला."

सप्टेंबरात मिसेस हॅल्क्रो पुन्हा आल्या,
पुन्हा तेच विहिरीत वाकणं.
"कमी झालंय," म्हणाल्या. "अगदी गोल नाही होणार कदाचित.
केस आले की कळणारही नाही."
मी मान हलवली.
आजवर बांधलेल्या एकाही बोटीच्या
दोन कुशी तंतोतंत सारख्या नाहीत.
पाण्याला ते कळत नाही,
मला कळतं,
आणि त्या बोटी मासे घेऊन परत येतात.

आता ओस्ला आपली आपण कूस बदलते,
आम्ही ठेवतो पाठीवर, ती हवी तशी लवंडते.
उसं-पायथा तिच्या हातात गेलं.
तरी पहाटे तीनला मी उठतोच,
चेहरा कुठे आहे ते बघायला.
खिडकी आता काळी, बाहेर वारा.
काल ती जागीच होती,
वळून त्या पिवळ्या भिंतीकडे बघत
हसत होती एकटीच.
मी दिवा लावला, भिंत नीट पाहिली.
काही नव्हतं.
दिवा मालवला. अजून बघतोय.